अंबाळा ते गड: एकच वाट, बारा महिने (रामटेक)

मोहफूल
१८ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

नागपूरकराला रामटेक नवीन नाही. पाहुणे आले की गाडी काढायची, मनसरहून उजवीकडे वळायचं, थेट वर गाड्या लावतात तिथपर्यंत जायचं. रामाचं दर्शन, लक्ष्मणाचं दर्शन, वानरांपासून पिशवी सांभाळत दोन फोटो, मग खिंडसी तलावात नावेतून एक फेरी. दुपारच्या जेवणाला परत घरी. मीसुद्धा पन्नाशी येईपर्यंत असंच रामटेक केलं.

मागच्या वर्षी कार्तिकात बाबांच्या अस्थी घेऊन आम्ही रामटेकच्या अंबाळा तलावावर गेलो. धाकटा भाऊ गुरुजींसमोर बसला होता. मला तिथे काही काम नव्हतं, म्हणून घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. पायाजवळच्या एका पायरीचा उजवा कोपरा तुटलेला होता आणि तळ्याचं पाणी नेमकं त्या कोपऱ्याला लागलं होतं. तुटलेल्या खळग्यात ओंजळभर पाणी, त्यात झेंडूची एक पाकळी. लाट आली की ती बाहेर जायची, पुन्हा आत यायची. गुरुजींनी हाक मारेपर्यंत मी तेवढंच बघत होते. त्या दिवसातलं बाकी काही मला नीट आठवत नाही.

महिन्याभराने एका रविवारी मी एकटीच एसटीने रामटेकला गेले. घरी कारण सांगता आलं नाही. मला ती पायरी बघायची होती. पाणी कोपऱ्यापासून खाली उतरलं होतं. तिथून निघून दगडी पायऱ्यांनी गड चढले, वर थोडं बसले, त्याच वाटेने उतरले. तेव्हापासून महिन्यातून एक रविवार तिथे जातोच. या कार्तिकात बारा महिने पूर्ण झाले.

वाट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रामटेकचा डोंगर घोड्याच्या नालेसारखा वाकलेला आहे आणि त्या वाकात अंबाळा तलाव आहे. काठाने घाट आणि देवळं. तिथून दगडी पायऱ्यांची जुनी वाट वर जाते. झाडीतून चढत गेलं की बावडी लागते, नरसिंहाची दोन प्राचीन देवळं लागतात, प्रचंड मोठा वराह लागतो. मग तटातले दरवाजे एकामागून एक: वराह, सिंगपूर, भैरव आणि शेवटी गोकुळ. चढण पायथ्यापासून जेमतेम ५०० फूट. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हा घोटभर चहा वाटेल. पण मी हे चढाईसाठी लिहीत नाहीये.

मला सांगायचं आहे ते तळ्याबद्दल. जुलैमध्ये मी अर्ध्या वाटेवर होते आणि पाऊस आला. एका झाडाच्या बुंध्याला टेकून उभी राहिले. पाच मिनिटांत माझ्या पायाखालच्या पायऱ्यांवरून पाणी वाहायला लागलं. आधी कडेच्या फटीतून बोटाएवढी धार, मग पायरीच्या पूर्ण रुंदीने. गळलेला पाला, मुंग्या, एक उदबत्तीचं रिकामं पाकीट, सगळं खाली चाललेलं. आणि खाली अंबाळा. तोपर्यंत माझ्या मनात डोंगर वेगळा होता आणि तळं वेगळं. त्या दिवशी दिसलं की नालेसारख्या वाकलेल्या या डोंगराच्या आतल्या उतारावर पडलेलं पाणी शेवटी तिथेच उतरतं. उन्हाळ्यात तुटक्या कोपऱ्याच्या कितीतरी पायऱ्या खाली गेलेलं तळं पोळ्यापर्यंत पुन्हा वर आलं, ते याच उतारावरून.

म्हणून विनंती की रामटेकला एकदा जाऊन येऊ नका. एकाच वाटेने चार वेळा जा, चार वेगळ्या महिन्यांत. आणि ज्यांनी कोणत्याही ऋतूत ही वाट चालली असेल त्यांनी इथे लिहा. मीही ऋतू येईल तसं लिहीत जाईन.

गडाखालचा
१८ नोव्हेंबर, रात्री ११:०२

ताई, मी रामटेकचाच, गडाखालीच राहतो. तुम्ही ज्या पायरीचं सांगून राहिल्या ती मले पक्की माहीत आहे. आम्ही पोट्टे होतो तेव्हा तिच्यावरूनच तळ्यात सूर मारत होतो. कोपरा तेव्हाही तुटलेलाच होता. तिथं पाय ठेवला की घोटा वळते, म्हणून मोठी माणसं ओरडत.

पाण्याचा हिशेब असा आहे. भादव्यात ती पायरी पाण्याखाली जाते, पाऊस चांगला झाला तर पुरती दिसत नाही. दसरा झाला की पाठ उघडी पडते आणि दिवाळी सरली की कोपरा. तुम्ही कार्तिकात आल्या म्हणून तुम्हाले कोपरा दिसला. महिनाभर आधी आल्या असत्या तर दिसलाच नसता.

आता तीन दिवसांपूर्वी त्रिपुरी पौर्णिमा झाली. त्या रात्री गडावर त्रिपूर पेटते, ते पाहाले गावोगावचे लोक येतात, आदल्या दिवशी शोभायात्रा असते. त्या दिवसात दर्शनाले या, जत्रा पाहा, पण चालाले येऊ नका. पायऱ्यांवर पाय ठेवाले जागा नसते. रामनवमीचंही तसंच.

आणि एक राहिलं. खाली उतरल्यावर रामटेकचं कपुरी पान खाल्ल्याशिवाय जाऊ नका. पानमळे आता आधीसारखे राहिले नाहीत. माझ्या मामाचा मळा होता. आत शिरलं की वरून आच्छादन, अंगाले गार लागे, मे महिन्यातही. पान हातात घेतलं तर नख लावल्यावर कपुरासारखा वास येते. ज्यांचे मळे अजून उभे आहेत त्यांचं पान घ्या.

खडकमाती
१९ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

मोहफूल ताई, फार सुंदर लिहिलंत. मी भूविज्ञानाचा विद्यार्थी होतो, म्हणून पायाखालच्या दगडाबद्दल थोडं.

नागपूर दोन खडकांच्या सांध्यावर वसलं आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा कातळ, म्हणजे लाव्ह्याचा. आपली सीताबर्डीची टेकडी त्यातलीच. पूर्वेकडे आणि उत्तरेकडे गेलं की तो संपतो आणि कितीतरी जुने खडक उघडे पडतात. कन्हान ओलांडून मनसर-रामटेककडे गेलात की तुम्ही सौंसर समूहाच्या खडकांत शिरता. हे खडक मुळात समुद्राच्या तळाशी बसलेली वाळू आणि गाळ. दाब आणि उष्णतेने त्यांचं रूप बदललं. मनसरचं मँगनीज याच समूहातलं. तिथली खाण मॉइल या सरकारी कंपनीची.

पुढच्या वेळी चढताना वाटेच्या कडेचा एखादा सुटा, पापुद्रे सुटणारा दगड उचला, दोन बोटांत चोळा आणि उन्हात बोटं धरा. अभ्रकाची चमक लागलेली दिसेल. सह्याद्रीतल्या गडावर हे होत नाही. मी दर वेळी करतो आणि दर वेळी तितकाच आनंद होतो. दगड मात्र परत जागेवर ठेवा.

मोहफूल
१९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

गडाखालचा भाऊ, तुमच्या लहानपणापासून तो कोपरा तसाच आहे हे वाचून किती बरं वाटलं, सांगू शकत नाही. मी ती पायरी माझी समजत होते.

खडकमाती, रविवारी बोटं चोळून पाहीन.

सायकलवाला_प्रतापनगर
२० नोव्हेंबर, दुपारी १:१५

ताई, तुमचा धागा वाचला आणि मला माझं काहीतरी सांगावंसं वाटलं. मी मागच्या महिन्यात मित्रांबरोबर पहाटे सायकलने रामटेकला गेलो होतो. अंबाळ्यावर छान कोवळं ऊन होतं, मी घाटाचा व्हिडिओ काढला आणि टाकला. लोकांना आवडला. त्यात पायऱ्यांवर एक कुटुंब विधीला बसलेलं होतं. डोकं भादरलेला एक मुलगा, माझ्याच वयाचा. मला ते दृश्य म्हणून चांगलं वाटलं होतं. तुमचं वाचल्यावर तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्या मुलाने एकदा कॅमेऱ्याकडे बघून मान फिरवली आहे. मी काढून टाकला.

मोहफूल
२० नोव्हेंबर, रात्री ९:५०

चांगलं केलंस रे बाळा.

हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. अंबाळ्यावर रोज कोणी ना कोणी आपलं माणूस सोडायला आलेलं असतं. पितृपक्षात तर जागा नसते. आपण चालायला जातो ती वाट त्यांच्या अंगणातून जाते. घाटावर आवाज कमी ठेवावा, विधी चालू असेल तिथून वळसा घालून जावं, कॅमेरा वर गेल्यावर काढावा. आणि निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात टाकू नये. फूल तळ्याला नवीन नाही, पिशवी नवीन आहे. मी जाताना एक रिकामं पोतं नेते. भरायला फार शोधावं लागत नाही.

पाणपक्षी
१२ जानेवारी, सकाळी १०:२०

धागा वर आणतोय, कारण थंडीबद्दल कोणी लिहिलेलं नाही.

अंबाळ्यावरून गड चढला की उगवतीकडे खिंडसीचं पाणी दिसतं. सूर नदीवरचा हा मातीचा बांध १९१३ सालचा. थंडीत सकाळी सातच्या सुमाराला वरून पाहिलं तर पाणी दिसतच नाही. तिथे नुसती धुक्याची गादी असते, आणि तिच्यातून पलीकडच्या टेकड्यांचे माथे बाहेर आलेले. साडेआठपर्यंत ती गादी काठाकाठाने विरते आणि मध्ये पाणी उघडं पडतं. ज्यांना पक्षी पाहायचे आहेत त्यांनी तेव्हा खाली उतरून खिंडसीच्या शांत काठाला जावं. नावा चालतात त्या बाजूला जाऊ नये.

नागपूर भागातल्या तलावांवर हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं येतात. चक्रवाक, तलवार बदक, लालसरी. पट्टकादंब हा हंस तर हिमालय ओलांडून येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे, लांबूनही ओळखू येतात. काठावर चरताना ते मान वर करून एकमेकांकडे बघत असतात, सगळे एकदम मान खाली घालत नाहीत. एकाने मान वर धरलेली असते. तासभर बसलात तर पहारा कसा बदलतो ते दिसेल. काठापासून लांब बसा. एकदा उठवले की थव्याला पुन्हा बसायला वेळ लागतो आणि त्यांची त्या दिवसाची खाण्याची वेळ जाते.

थंडीचा एक फायदा म्हणजे शिंगाडे. ढिवर बांधव डोंग्यातून काढतात, रस्त्याच्या कडेला उकडलेले मिळतात. काळं साल दाताने फोडून आतला पांढरा गर गरम खायचा.

जुनी_महालकर
९ मार्च, दुपारी ४:०५

मी ७२ वर्षांची आहे. गुडघे दुखतात. नात वाचून दाखवते आणि मी सांगते ते ती टाइप करते.

आमच्या लहानपणी आजी आम्हाला इतवारीहून रामटेकच्या गाडीने न्यायची. स्टेशनवरून चालत अंबाळा, अंबाळ्यात स्नान, मग गड. ती प्रत्येक पायरीला हात लावून तोच हात कपाळाला लावायची. आम्ही पुढे पळायचो आणि वर जाऊन तिची वाट पाहत बसायचो. आता मला कळतं की हात लावायला वाकलं की श्वास घ्यायला वेळ मिळतो.

मागच्या आठवड्यात नातीबरोबर गेले. पूर्ण चढले. दीड तास लागला. सांगायचं हे की माझ्या वयाच्या बायकांनी घाबरू नये, पण रीत पाळावी. उजेड झाल्याबरोबर सुरुवात करावी, काठी न्यावी, दहा-बारा पायऱ्यांवर थांबावं, आणि उतरताना पायऱ्यांनी उतरू नये. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जड जातं. वरून गाडीच्या रस्त्याने खाली यावं.

होळी जवळ आली की पळस फुलतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या दिवशी आम्ही गेलो त्या दिवशी मोह नुकताच गळायला लागला होता. डोंगराच्या पायथ्याला एका झाडाखाली एक बाई आणि तिचा लहान मुलगा फुलं वेचत होते. झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली. मी एक फूल मागितलं. त्यांनी ओंजळ दिली. मोत्यासारखं फिक्कं पिवळं, गुबगुबीत, दाबलं की गोड रस. आजी मोहफुलं भाजून गुळाबरोबर द्यायची. पन्नास-पंचावन्न वर्षांनी ती चव जिभेवर आली.

मोहफूल
९ मार्च, सायंकाळी ६:४०

आजी, तुम्हाला नमस्कार. मी माझं नाव त्याच फुलावरून घेतलं आहे, बाबांना त्याचा वास आवडायचा म्हणून. पुढच्या रविवारी मी चढताना प्रत्येक पायरीला हात लावीन.

सायकलवाला_प्रतापनगर
११ मे, रात्री १०:३०

सध्या पारा ४४ च्या वर आहे. मे महिन्यात कोणी ही वाट केली आहे का? पहाटे चारला निघून सहाला चढायला सुरुवात केली तर चालेल का? पाणी तळाला गेलेलं तळं मला पाहायचं आहे.

गडाखालचा
११ मे, रात्री ११:१५

भाऊ, कशाले? आम्ही इथले लोक मे महिन्यात दहाच्या नंतर दाराबाहेर पडत नाही. दगड इतका तापते की वाटेवर बसता येत नाही. एक तर तुमची सायकल. येताना ऊन डोक्यावर राहील, पन्नासेक किलोमीटर. काऊन जीवाशी खेळता?

सिव्हिल_लाइन्स_डॉ
१२ मे, सकाळी ६:५०

गडाखालचा यांच्याशी मी सहमत आहे आणि कारण सांगते. मी शासकीय सेवेत बरीच वर्षं उन्हाळी रुग्ण पाहिले. उष्माघात झालेला तरुण माणूस बहुतेक वेळा 'मला काही होत नाही' म्हणूनच घराबाहेर पडलेला असतो. आधी पायात गोळे येतात, मग मळमळ, डोकं दुखणं. यापैकी काहीही झालं की तिथल्या तिथे सावलीत थांबायचं, अंगावर ओला दुपट्टा, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा त्याचं अंग भाजतंय आणि शुद्ध हरपतेय असं दिसलं, तर तो घरगुती उपायाचा विषय नाही. अंग ओलं करत, वारा घालत ताबडतोब दवाखान्यात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

जायचंच असेल तर सायकल नको. एसटीने किंवा गाडीने जा, साडेपाचला पहिली पायरी, आठला खाली. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, पण पाण्याच्या दोन बाटल्या प्रत्येकी. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वात तापणाऱ्या नऊ दिवसांत, अजिबात नको.

सायकलवाला_प्रतापनगर
१८ मे, दुपारी १२:१०

डॉक्टरांचं ऐकलं. मी आणि बहीण गाडीने गेलो, साडेपाचला सुरुवात, पावणेआठला खाली.

तळं खूप खाली गेलेलं आहे. तुटक्या कोपऱ्याची पायरी सापडली. ती पाण्यापासून इतकी वर आहे की तळ्याशी तिचा काही संबंध असेल असं वाटत नाही. पण खाली उतरत गेलो तशा प्रत्येक पायरीवर पाण्याची रेघ दिसली. एक पांढुरकी, एक हिरवट, एक तपकिरी. पाणी जिथे जिथे थांबलं तिथे तिथे रेघ सोडून गेलं आहे. बहिणीने बोट फिरवून पाहिलं, हिरव्या रेघेचा वाळलेला पापुद्रा निघाला, त्याच्या आत एक बारीक गोगलगाय होती, मेलेली नव्हती. शंखाच्या तोंडाला पडदा लावून बसलेली. आम्ही तिला परत फटीत ठेवलं.

डोंगरावर सगळं करडं आहे, फक्त बहावा पिवळा. तेंदूची नवी पानं लालसर. बाकी झाडांच्या फांद्यांमधून तटाची भिंत खालपासून वरपर्यंत सलग दिसते. बाकीच्या महिन्यांत ही भिंत झाडीत लपते ना? मग गड कसा बांधला आहे ते पाहायचं असेल तर मे महिनाच बरा, असं मला वाटलं.

मोहफूल
१८ मे, दुपारी ३:००

हो, लपते. बारा महिन्यांत ही भिंत एवढी सलग मीही फक्त मागच्या मे महिन्यात पाहिली. त्या गोगलगायी माझ्या नजरेतून सुटल्या होत्या.

मोहफूल
१५ जून, रात्री ९:२५

मृग लागला. काल पहिला मोठा पाऊस झाला, आज मी गेले.

पाणी तळ्यात अजून आलेलं नाही, जमीनच सगळं पिऊन टाकते. पण वाटेवर मृगाचे किडे निघालेत. पायऱ्यांच्या कडेला ओल्या मातीत लाल मखमलीचे ठिपके. मी उकिडवी बसून एक किडा पाहिला. आठ पाय, पुढची जोडी हातासारखी चाचपडत पुढे करतो, चाचपडतो, मग चालतो. बोट आडवं धरलं तर पाय पोटाशी घेऊन गोळा झाला. मिनिटभर मी हललेच नाही तेव्हा पुन्हा उघडला आणि माझ्या बोटाला वळसा घालून गेला. चार-सहा दिवसांत हे दिसेनासे होतील आणि पुढच्या मृगापर्यंत पुन्हा भेटणार नाहीत. कृपा करून मुलांना डबीत भरू देऊ नका.

झाडीतून नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकली. पाणपक्षी दादा, बरोबर ओळखलं का?

पाणपक्षी
१५ जून, रात्री १०:४०

बरोबर ओळखलंत. तो पावसाबरोबर आपल्याकडे घरटं करायला येतो आणि पाऊस सरला की दक्षिणेकडे परततो. जमिनीवरच्या पाल्यात खाणं शोधतो, म्हणून वर बघू नका, रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळीखाली बघा.

वाकाटक_वारी
२६ जून, रात्री ८:१५

आज आषाढाचा पहिला दिवस. कालिदासाच्या यक्षाने ज्या डोंगरावरून मेघ पाहिला तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नेटाने मांडलं. त्या आठवणीसाठी डोंगरावर कालिदास स्मारक आहे आणि १९९७ पासून रामटेकला कवीच्या नावाचं संस्कृत विद्यापीठही आहे.

पण या धाग्यावर मला एका बाईबद्दल लिहायचं आहे. प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान, तिने राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट रामगिरीच्या स्वामींच्या पायांपाशी दिलेला आहे. खाली दिसणारं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. तिथून ती या डोंगरावर येत असणार. मोहफूल ताई रोज ज्या केवल नरसिंहाच्या देवळापाशी दम खातात, त्याच्या भिंतीत तिच्या मुलीच्या काळचा कोरीव लेख आहे. आई गेल्यानंतर तिच्या नावाने केलेल्या पुण्यकर्माचा तो लेख. त्यात सुदर्शन नावाच्या तळ्याचाही उल्लेख येतो.

दीड हजार वर्षांपूर्वी एका मुलीने आईसाठी या डोंगरावर देऊळ केलं. ताई, तुमची पहिली पोस्ट वाचताना मला सारखा तो लेख आठवत होता.

मोहफूल
२६ जून, रात्री ११:३०

मी त्या देवळाच्या ओट्यावर दर महिन्याला बसते. लाल दगड, थंड असतो. भिंतीवर अक्षरं आहेत हे पाहिलं होतं, कोणाची आणि कशासाठी ते आज कळलं. रोज नाही हो, महिन्यातून एकदा. पण आता या रविवारीच जाते.

हनुमाननगर_माऊली
१० ऑगस्ट, रात्री ७:५५

सावध करण्यासाठी लिहितेय. काल आम्ही चौघी गेलो. श्रावण, सगळीकडे हिरवं, तरोटा (टाकळा) गुडघ्याएवढा, उतरताना एका आजीबाईंकडे सात्याही (रानातली अळंबी) मिळाल्या. पण वर जाताना पायऱ्यांवर शेवाळ होतं आणि माझ्या जावेचा पाय घसरला. मनगटावर पडली. हाड मोडलं नाही, सूज आहे. तिच्या पायात गुळगुळीत तळाची नवीन चप्पल होती. मधोमध चालली म्हणून घसरली, कारण पाणी मधूनच वाहतं. कडेला, जिथे दगडांचे सांधे खडबडीत आहेत तिथून चाललं की पाय टिकतो. आम्ही हे नंतर शिकलो.

दुसरं, वर वानरांना कोणी बिस्किटं देत होतं. एका पिल्लाच्या आईने आमच्या पिशवीला हात घातला तो त्याच सवयीने. त्यांना झाडपाला भरपूर आहे या दिवसांत. देऊ नका.

गडाखालचा
१० ऑगस्ट, रात्री ८:४०

माय, जावेले लवकर बरं वाटो. पावसाळ्यात आम्ही अनवाणी चढतो. बोटं दगडाले धरतात. शहरातल्या लोकांनी निदान जाड रबरी तळाचं काही घालावं.

आणि अंधार पडाच्या आत खाली या. हा पेंचच्या जंगलाला लागून असलेला तालुका आहे, बिबट्या डोंगराले नवीन नाही.

गडाखालचा
१४ सप्टेंबर, सकाळी ६:२०

ताई, तुमची पायरी काल रात्रीच्या पावसात बुडाली. आज सकाळी मुद्दाम जाऊन पाहिलं. पाणी वरच्या दोन पायऱ्यांपर्यंत आहे. पितृपक्ष चालू आहे, घाटावर लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे आहेत.

मोहफूल
१४ सप्टेंबर, सकाळी ९:००

भाऊ, तुम्ही मुद्दाम गेलात. धन्यवाद कसे म्हणू.

मोहफूल
१९ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

बाबांना दोन वर्षं होतील. कार्तिकातल्या दुसऱ्या रविवारी मी जाणार आहे. या वेळी धाग्यावरच्या कोणाला यायचं असेल तर बरोबर जाऊ. त्रिपुरीची गर्दी टाळूनच दिवस धरला आहे.

सकाळी सहाला नागपूर बसस्थानकावर भेटू, रामटेकची जी पहिली गाडी मिळेल ती. महालकर आजी येणार असतील तर एक कार लागेल, सायकलवाला म्हणाला मी आणतो. खडकमाती बोटं चोळायला शिकवणार, वाकाटक_वारी लेख दाखवणार. पाणपक्षी दादा दुर्बीण आणणार आहेत, खिंडसीला बदकं तेव्हा नुकती यायला लागलेली असतील. डबा प्रत्येकाने आपापला. मी पुडाच्या वड्या आणते, भरपूर सांबार (कोथिंबीर) घालून. पोतं मी आणतेच, अजून दोघांनी आणलं तर चांगलं.

जमायचं ठिकाण घाटावर, तुटक्या कोपऱ्याच्या पायरीपाशी. भाऊंच्या हिशेबाने तिची पाठ तेव्हा उघडी असेल आणि कोपराही नुकताच वर आलेला. उजव्या बाजूला पाय ठेवू नका, घोटा वळतो.